वॉर्डात चालेल अशी जर्मन कुठल्या ॲपवर शिकायची?

सायंतारा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. माझी नणंद बीएस्सी नर्सिंग आहे, मिरजेत एका मोठ्या दवाखान्यात मेडिसिन वॉर्डला काम करते. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिच्या डोक्यात जर्मनीच आहे. जर्मनची बी१ ही मधली पातळी पास झाली, तिच्या पुढच्या बी२चा ऑनलाइन क्लास चालू आहे.

अडचण अशी की पुस्तकात सगळं पर्यावरण, सुट्टीचे बेत आणि मोबाईलचे फायदे-तोटे. घरमालकाला तक्रारीचं पत्र ती झोपेतसुद्धा लिहील. पण परवा मी सहज म्हटलं, ‘आजी, जरा कुशीवर वळा, पाठ पुसून घेऊ’ हे जर्मनमध्ये म्हणून दाखव. बाई गप्प!

शिफ्ट ड्युटीमुळे पुण्याला जाऊन वेगळा क्लास लावणं शक्य नाही. हाताशी फोन आणि एक जुना लॅपटॉप आहे. नर्सिंगच्या जर्मनसाठी नक्की काय वापरावं? चॅटजीपीटीशी बोलते अधूनमधून, पण त्याचा उपयोग होतोय की नुसतं बरं वाटतंय तेच कळत नाही.

खवचट_खंडू | रविवार, रात्री ९.५२

ते हिरव्या घुबडाचं ॲप लावून द्या. दोन वर्षांत ‘अस्वल बिअर पिते’ इथपर्यंत नक्की पोचतील.

मुळाक्षर | रविवार, रात्री १०.३०

खंडूशेठ, घुबडाला नावं ठेवू नका, माझे निम्मे विद्यार्थी तिथूनच आले.

सायंतारा, पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवली आहे, त्या अनुभवावरून सांगते. बी२चं पुस्तक टाकाऊ नाही. नर्सिंगची जर्मन म्हणजे दोनशे नामं पाठ केली की झालं, असा समज आहे आणि बाजारातली निम्मी ॲप्स याच समजावर चालतात. चित्रात सलाईन, खाली शब्द. सलाईनला काय म्हणतात हे ती पहिल्या आठवड्यात तिथे शिकेलच. अडतं ते वाक्यात. नर्सने लिहायची नोंद कर्मणीत असते: ‘रुग्णास बसवण्यात आले, जखमेची पट्टी बदलण्यात आली.’ आपली सरकारी मराठी ज्याला येते त्याला हे पटकन कळतं! ते कर्मणी बी१-बी२मध्येच पक्कं होतं.

पुढे टेल्क या परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ‘बी१-बी२ फ्लेगे’ अशी नर्सिंगची वेगळी परीक्षाही आहे. तिच्या नमुना प्रश्नपत्रिका टेल्कच्या साइटवर फुकट मिळतात, ऐकायच्या भागासकट. ॲप शोधण्याआधी ती एकदा सोडवायला लावा. नेमकं कुठे अडतंय ते तासाभरात कळेल.

उंबरकाठ | सोमवार, सकाळी ११.१५

नाईट संपवून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी मूळची लातूरची, आता रॉयटलिंगनजवळ. तुमच्या नणंदबाई येणार तेच हे राज्य, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे वॉर्डात एक जर्मन चालत नाही, तीन चालतात. पेशंट बोलतो ती, डॉक्टर आणि आपण शिफ्ट बदलताना बोलतो ती, आणि कॉम्प्युटरमध्ये लिहितो ती. क्लासमध्ये या तिघींपैकी एकही नसते. असते ती चौथी, टीव्हीवरच्या बातम्यांची.

लिहिण्याची आधी सांगते, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. आपल्याकडे चार्टवर ‘आरआर’ म्हणजे श्वासाची गती. इथे आरआर म्हणजे रक्तदाब! रीव्हा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरने १८९६ साली दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं, त्याची आद्याक्षरं. १४०/९० लिहिलं असेल तर कळतं, पण ‘दर दोन तासांनी आरआर’ एवढीच सूचना असली तर भारतातून आलेली नर्स श्वास मोजत बसेल. आकड्यांचंही तसंच. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. हेपरिन ५.००० लिहिलं तर ते पाच हजार युनिट, पाच नव्हे. त्यातल्या त्यात ओळखीचं एकच, गोळ्यांचं १-०-१. ते इथेही तसंच लिहितात, पाहून माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

आता पेशंट. हा श्वाबन प्रांत, आणि म्हातारी माणसं अस्सल श्वेबिश बोलतात. पुस्तकात ‘फूस’ म्हणजे पाऊल. इथल्या आजोबांचा फूस कमरेपर्यंत जातो, अख्खा पाय म्हणजे फूस. ‘फूस दुखतो’ म्हणाले की घोट्यापाशी न थांबता बोट ठेवून दाखवायला सांगायचं. ‘टेपिश’ म्हणजे पुस्तकात गालिचा. इथे थंडी वाजणाऱ्या आजी टेपिश मागतात तेव्हा त्यांना अंगावर घ्यायला घोंगडी हवी असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘हेबन’. पुस्तकात त्याचा अर्थ उचलणे. श्वेबिशमध्ये धरून ठेवणे. पेशंटला दोघींनी मिळून उठवताना जोडीदारीण म्हणाली ‘हेब!’, की नवी मुलगी उचलायला जाते आणि समोरची नुसता आधार मागत असते. कंबर जायची वेळ.

हे कुठलंही ॲप शिकवत नाही. एसडब्ल्यूआर ही इथली सार्वजनिक वाहिनी. तिच्या ‘लांडेसशाऊ’ कार्यक्रमात गावोगावची माणसं आपापल्या बोलीत बोलतात आणि भाग ऑनलाइन ठेवलेले असतात. रोज थोडं ऐकू द्या. कळलं नाही तरी कान तयार होतो.

आणखी एक. आपल्याकडे अंघोळ घालणं, भरवणं, भांडं देणं हे नातेवाईक नाहीतर मावशी करतात. इथे ते नर्सचंच काम. म्हणजे दिवसातलं निम्मं बोलणं याच वेळचं: पाणी फार गरम नाही ना, आता डावा हात, झाकून घेते हं. डॉक्टरी शब्द एकही नाही, पण लाज सांभाळून बोलायची भाषा. आणि आजी-आजोबा म्हणायचं नाही. ‘ओमा’ म्हटलं तर अपमान. ‘फ्राऊ म्युलर’, आणि कायम ‘झी’, म्हणजे आपलं अहो-जाहो.

खवचट_खंडू | सोमवार, दुपारी १२.०५

माघार. धागा वाचनखूण म्हणून साठवला.

शून्य_एक | सोमवार, दुपारी २.२०

उंबरकाठ, जबरदस्त प्रतिसाद. याच माहितीवरून तांत्रिक बाजू मांडतो. (मी आयटीवाला, नर्सिंगमधलं शून्य कळतं. आयडी उगाच नाही.)

१. तयार शब्दसंच घेऊ नका, स्वतःचा बनवा. अँकी नावाचं फ्लॅशकार्डांचं सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉप आणि अँड्रॉइडवर फुकट. विसरायला येईल त्या सुमारास ते कार्ड पुन्हा समोर आणतं, बाकी जादू नाही. सुटा शब्द घालायचा नाही, अख्खं वाक्य घालून क्रियापद गाळायचं. रक्तदाब ‘मोजतात’, पट्टी ‘बदलतात’, औषध ‘देतात’ यातल्या प्रत्येकाला जर्मनमध्ये ठरलेलं क्रियापद आहे. नाम आठवतं, क्रियापद दगा देतं.

२. वाक्यं कुठून आणायची? अँटकॉन्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी या प्राध्यापकाने बनवलेलं. त्यात आपण जमवलेल्या मजकुराच्या फाइली टाकायच्या, ते शब्दांची वारंवारता दाखवतं आणि एखादा शब्द कुठकुठल्या वाक्यांत आला त्या ओळी एकाखाली एक मांडतं. जर्मन औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं, परीक्षेचे नमुने, नर्सिंग शाळांचे उघड उपलब्ध मजकूर असं वीस-तीस फाइलींचं गाठोडं केलं तरी पुरे. जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतं. चारशे पानी शब्दकोश पाठ करण्यापेक्षा त्या गाठोड्यात वारंवार येणारे शब्द आधी.

३. चॅटजीपीटी. ‘माझ्याशी जर्मनमध्ये बोल’ म्हटलं तर ते गोड गप्पा मारतं. त्याला भूमिका द्या: तू ८२ वर्षांची बाई, माकडहाडाचं ऑपरेशन झालंय, चिडलेली आहेस, एका वाक्यापेक्षा जास्त बोलू नकोस, मी विचारल्याशिवाय दुखणं सांगू नकोस, मध्ये चुका सुधारू नकोस. दहा-बारा वाक्यांनंतर संभाषण थांबवून चुकांची यादी मागा. मग तीच यादी अँकीत.

कफपित्तवात | सोमवार, रात्री ८.४५

माकडहाडाचं ऑपरेशन नाही हो, खुब्याचं! ८२ वर्षांच्या बाईला तेच होतं.

डॉक्टरांच्या बाजूने लिहितो. आमची परीक्षा वेगळी, फाखश्प्राखप्रुफुंग, म्हणजे वैद्यकीय जर्मनची परीक्षा. २०१४मध्ये राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी मिळून तिचा साचा ठरवला आणि ती राज्याचं मेडिकल चेंबर घेतं. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग: पेशंटशी बोलून माहिती काढा, ती लिहा, मग वरिष्ठ डॉक्टरला सांगा. म्हणजे उंबरकाठताईंच्या तीन जर्मन, तासाभरात एकापाठोपाठ एक.

सगळ्यात अवघड काय, तर एकच आजार दोन नावांनी बोलणं. वाढलेल्या रक्तदाबाला पेशंटसमोर ‘ब्लूटहोखड्रुक’, साहेबांसमोर ‘हायपरटोनी’. आपल्याकडचे डॉक्टर लॅटिन-ग्रीक नावांवर वाढलेले, त्यामुळे दुसरं सोपं जातं आणि पहिल्यावर पाय घसरतो. पेशंटला ‘न्यूमोनी’ म्हणालात की परीक्षक लगेच लिहून घेतो, कारण साध्या माणसाचा शब्द वेगळा आहे.

यासाठी दोन जागा सांगतो, दोन्ही फुकट. एक, गेझुंडहाइट्सइन्फॉर्मात्सिओन डॉट डीई. कोलोनच्या आयक्युडब्ल्यूआयजी या संस्थेची साइट, आजारांची माहिती साध्या जर्मनमध्ये. तोच मजकूर इंग्रजीतही आहे, शेजारी उघडून वाचता येतो. दुसरी, ‘वास हाब इश?’ म्हणजे ‘मला काय झालंय?’ ड्रेस्डेनला २०११मध्ये सुरू झालेला उपक्रम, वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टर लोकांचे रिपोर्ट त्यांना कळेल अशा भाषेत उतरवून देतात. त्या शैलीचा मला फार उपयोग झाला.

आणि दुखण्याचे प्रकार वेगळे पाठ करा. टोचतं, जळजळतं, दाबल्यासारखं, ओढल्यासारखं, बोथट. मराठीत आपण ठणका, कळ, चमक, आग किती सहज वेगळं करतो, इंग्रजीत आलो की सगळं ‘पेन’. जर्मन लोक मराठीसारखे आहेत, त्यांना नेमकं हवं असतं. जर्मन-मराठी कार्ड करा, इंग्रजी मध्ये आणू नका.

मुळाक्षर | सोमवार, रात्री १०.१०

शेवटच्या वाक्याला +१००. आकड्यांचंही तसंच. ८५ ला जर्मन ‘पाच-आणि-ऐंशी’ म्हणतात. पंच्याऐंशी म्हणणाऱ्या मुलाला ते विचित्र वाटायचं कारण नाही, पण वर्गात सगळे ‘एटी फाइव्ह’वरून उडी मारायला जातात आणि ५८ लिहून बसतात. नाडीचा ठोका असा उलटा लिहिला तर?

शून्य_एक, तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर मात्र माझी हरकत आहे. मी विद्यार्थ्यांबरोबर हे करून पाहिलंय. यंत्राला सगळं कळतं, हाच त्याचा दोष. विद्यार्थी क्रियापद विसरतो, लिंग चुकवतो, तरी ते अर्थ लावून पुढे जातं. खऱ्या आजींनी ‘व्ही बिटे?’, म्हणजे ‘काय म्हणालात?’, म्हटलं असतं. पुन्हा ते कितीही चिडायला सांगितलं तरी मुद्देसूद चिडतं. खरा पेशंट विचारलेलं सोडून मांजरीची गोष्ट सांगतो. श्वेबिश बोलायला सांगाल तर मासिकातल्या विनोदासारखी श्वेबिश लिहील.

शून्य_एक | सोमवार, रात्री १०.४१

मुद्दा मान्य, पण पर्याय काय? मिरजेत रात्री अकराला जर्मन आजी कुठून आणायच्या? शंभर टक्के खरं नसलं तरी तोंड उघडायची भीती जाते. वैमानिक आधी सिम्युलेटरवरच बसतो.

उच्चाराच्या तपासणीसाठी व्हिस्पर वापरता येईल. ओपनएआयने २०२२मध्ये खुलं केलेलं, बोललेलं लिहून काढणारं मॉडेल, स्वतःच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवायही चालतं. आपण बोलायचं, ते काय लिहितं बघायचं.

मुळाक्षर | सोमवार, रात्री ११.०२

तिथेही तेच दुखणं. ते संदर्भावरून अंदाज बांधतं. ‘ड्रुकन’ म्हणजे छापणे, ‘ड्र्युकन’ म्हणजे दाबणे. विद्यार्थिनी ‘इथे छापल्यावर दुखतं का?’ असं विचारत असली, तरी यंत्र शहाणपणाने ‘दाबल्यावर’ लिहून देईल आणि तिला वाटेल उच्चार जमला. वापरायचंच असेल तर वाक्य देऊ नका, अशा जोड्यांतले सुटे शब्द मागेपुढे करून बोला. मग थोडंफार खरं बोलतं.

भीती जाते हे मात्र कबूल. एवढ्यापुरतं तुमचं सिम्युलेटर चालेल.

उंबरकाठ | मंगळवार, पहाटे ५.२०

ब्रेकमध्ये आहे, एक महत्त्वाचं राहिलं. कोणी ‘तिकडे गेल्यावर पेशंटचं बोलणं फोनवर रेकॉर्ड कर आणि घरी ऐक’ असा सल्ला दिला तर अजिबात ऐकू नका. खाजगी बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं इथे फौजदारी गुन्हा आहे, दंड संहितेचं कलम २०१. पेशंटची माहिती बाहेर जाणं कलम २०३. वॉर्डातली नोंद फोटो काढून भाषांतराच्या ॲपमध्ये टाकणं किंवा नाव काढून का होईना चॅटजीपीटीला चिकटवणं, हेही करू नये. नवीन मुली अडल्या की हात आपोआप फोनकडे जातो, म्हणून सांगतेय. नोकरी जाईल.

मी खिशात छोटी वही ठेवते. न कळलेला शब्द कानाला लागला तसा देवनागरीत उतरवते, पेशंटचं नाव नाही, काही नाही. देवनागरीत उच्चार बरोबर पकडता येतो. ब्रेकमध्ये कोणातरी जुन्या सिस्टरला विचारायचं. घरी गेल्यावर अँकी. म्हणजे शून्य_एक यांचं सॉफ्टवेअर मी वापरतेच, फक्त त्यात काय भरायचं ते वॉर्ड ठरवतो.

येण्याआधीच्या काळासाठी ‘आइन टाग डॉयच – इन डेर फ्लेगे’ हे फुकट ॲप पाहा. नर्सिंगच्या कामाच्या दिवसातले संवाद आहेत त्यात, ड्युटीच्या क्रमाने. मी पाहिलेल्यातलं एवढं एकच वॉर्डच्या वासाचं आहे.

लिमलेट | मंगळवार, दुपारी ४.३०

विषय जर्मनचा आहे, पण इंग्लंडचा अनुभव जोडते. लीड्सला नर्स आहे. मी ओईटी दिली, आरोग्य क्षेत्रातल्या बारा पेशांसाठीची इंग्रजी परीक्षा, मूळ ऑस्ट्रेलियातली. लेखनात पेशंटच्या टिपणांचं पान देतात आणि पंचेचाळीस मिनिटांत साधारण १८० ते २०० शब्दांचं पत्र लिहायचं, पुढच्या दवाखान्याला किंवा घरी येणाऱ्या नर्सला. बहुतेक मुली याच भागात मार खातात. इंग्लंडच्या नर्सिंग कौन्सिलला इतर तीन भागांत बी ग्रेड लागतो, लेखनात सी प्लस चालतो, यावरूनच काय ते समजा.

व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर्स मी सगळी वापरली. पत्र निर्दोष करून देतात. पण टिपणात लिहिलेलं १९९८चं अपेंडिक्सचं ऑपरेशन घरी जखमेची पट्टी बदलायला येणाऱ्या बाईला सांगायचं की गाळायचं, हे त्यांना ठरवता येत नाही. गुण तिथेच जातात. हे मला शिकवलं एका निवृत्त सिस्टरने. व्हिडिओ कॉलवर ती पत्र वाचायची आणि दर ओळीला एकच प्रश्न: ‘हे वाचून मी उद्या सकाळी वेगळं काय करू?’ उत्तर नसेल तर ओळ खोडायची. तंत्रज्ञान म्हणाल तर तो व्हिडिओ कॉल.

सायंतारा | शनिवार, सकाळी १०.२५

सगळ्यांचे मनापासून आभार. नणंदेने धागा दोनदा वाचला आणि ‘आरआर’वर तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

सध्या घरी काय चाललंय ते सांगते. सासूबाई पेशंट झाल्या आहेत! त्या कॉटवर पडून अस्सल सांगलीच्या मराठीत कुरकुरतात, ‘अगं पाय वळलाय माझा, उशी नको ती, दुसरी दे’, आणि हिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. मुद्देसूद कुरकुरत नाहीत, मुळाक्षर मॅडम, मांजरीची गोष्टही येते. लॅपटॉप शेजारी ठेवून आवाज रेकॉर्ड करतो (घरचाच पेशंट, कलम २०१ नाही), मग ती स्वतःचं ऐकून अडलेली वाक्यं अँकीत टाकते. टेल्कचा नमुना सोडवला. वाचन उत्तम, ऐकण्यात वेळ सांगितली की गोंधळ. ‘हाल्ब ड्राय’ ऐकून साडेतीन लिहिते. आणि तिकडे दक्षिणेत ‘ड्रायफिअर्टल ड्राय’ असंही म्हणतात म्हणे?

कुशीवर वळायचं वाक्य तिने असं केलंय: ‘बिटे ड्रेहन झी झिश आउफ डी झायटे.’ बरोबर आहे का?

कफपित्तवात | शनिवार, सकाळी ११.००

ड्रायफिअर्टल ड्राय म्हणजे पावणेतीन. पुढच्या तासाचं नाव घ्यायची पद्धत आपलीच. हाल्ब ड्राय अडीच. नुसतं ‘फिअर्टल ड्राय’ म्हणाले तर मात्र सव्वादोन, तिथे आपली मराठी मदतीला येत नाही. घड्याळाच्या चित्रावर थेट मराठी लिहून कार्ड करा. आणि औषधाची वेळ असेल तर आकड्यात परत म्हणून दाखवायची सवय लावा, ‘चौदा पंचेचाळीस, बरोबर?’ वॉर्डात कोणी हसत नाही.

उंबरकाठ | शनिवार, दुपारी १.४५

वाक्य बरोबर आहे, सासूबाईंना माझा नमस्कार! फक्त कुठल्या कुशीवर ते सांगितलेलं नाही. पेशंट चुकीकडे वळला की सलाईनची नळी ओढली जाते. ‘त्सु मिअर’ घाला, माझ्याकडे. पलीकडे हवं असेल तर ‘खिडकीकडे’, ‘दाराकडे’ म्हणायचं. डावं-उजवं म्हणू नका, झोपलेल्या माणसाचा गोंधळ होतो.

आणि याच प्रसंगातलं एक वाक्य आत्ताच तयार ठेवा. मिरजेत काम झालं की कॉटचा कठडा आपण सवयीने वर करतो. इथे तो वर करून ठेवणं म्हणजे माणसाचं स्वातंत्र्य अडवणं समजतात, पेशंटची संमती लागते आणि तो ती देण्याच्या स्थितीत नसेल तर कोर्टापर्यंत जावं लागतं. म्हणून आधी विचारायचं, ‘मी कठडा वर करू का?’ पेशंट हो म्हणाला तर तेही नोंदीत लिहायचं. हे दोन्ही, विचारायचं वाक्य आणि लिहायचं वाक्य, तिला जर्मनमध्ये करून इथे टाकायला सांगा. रात्री ड्युटीवर जायच्या आधी तपासून देते.